हातचा बॉल

पूल पार्लर चालवायला लागून मला तेवीस वर्षं झाली. एवढ्या काळात माझा एकच अवयव खऱ्या अर्थाने तयार झाला, तो म्हणजे कान. काउंटरवर मान खाली घालून हिशेब लिहीत असलो तरी कुठल्या टेबलावर बॉल गेला आणि कुठल्यावर राहिला हे मला बघावं लागत नाही. नीट गेलेल्या बॉलचा आवाज एकच. राहिलेल्याचे तीन: पॉकेटच्या एका गालावर टक, दुसऱ्या गालावर टक, आणि त्यावर खेळणाऱ्याची शिवी. बॉल किती सोपा होता तेही शिवीवरून कळतं. अवघड बॉल चुकला तर कोणी शिवी देत नाही, उलट समोरचाच ‘मस्त ट्राय होता’ म्हणतो. पॉकेटच्या तोंडाशी असलेला राहिला, की मात्र आई-बहिणींचा उद्धार सुरू. मध्यंतरी भिंतीवर पाटी लावून पाहिली. उपयोग झाला नाही.

आमच्याकडे नुसते खेळायला येणारे मला ‘काका’ म्हणतात आणि शिकायला येणारे ‘सर’. जूनमध्ये इंजिनिअरिंगचा एक मुलगा काकावरून सरवर आला. हात चांगला. लांबचे कट, कुशन घेऊन मारायचे बॉल, सगळं बिनधास्त मारायचा. पण हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे असा इथला रिवाज, आणि महिनाभर पैसे तोच देत होता. मला म्हणाला, “सर, अवघड सगळे जातात हो. सोपेच राहतात. माझा फोकस नाहीये. काहीतरी सांगा ना.”

या ‘फोकस’ शब्दाचा मला कंटाळा आहे. अंगात कणकण आहे म्हणावं, तसा तो शब्द आहे. दुखतंय कुठे ते त्यातून कळत नाही. म्हणून मी त्याला आधी कागद घ्यायला लावला. इंजिनिअरिंगच्या पोरांना आकड्यात सांगितलेलं पटतं.

पूलचा बॉल सव्वादोन इंच व्यासाचा, म्हणजे साधारण ५७ मिलिमीटर. स्पर्धेच्या टेबलाच्या कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साडेचार इंच किंवा त्याहून किंचित जास्त. दोन बॉल शेजारी शेजारी खेटून मावतील एवढं. म्हणजे पॉकेटच्या मधोमध निघालेल्या बॉलला डावी-उजवीकडे २८ मिलिमीटरची सूट. आता व्हाइटपासून (क्यूने मारतो त्या पांढऱ्या बॉलपासून) मारायचा बॉल एक मीटरवर आणि बॉलपासून पॉकेट आणखी एक मीटरवर, असा सरळ शॉट घ्या. क्यूची दिशा एका अंशाच्या दहाव्या भागाने फिरली की ती सूट संपली. मागच्या हाताशी हा फरक दीड मिलिमीटरसुद्धा भरत नाही. असा बॉल राहिला तर वाईट कशाला वाटून घ्यायचं?

हीच दोन्ही अंतरं एकेक फुटावर आणा. आता क्यू एका अंशाहून जास्त फिरल्याशिवाय बॉल चुकतच नाही. मागच्या हाताशी हा फरक होतो दीड सेंटिमीटर. दीड सेंटिमीटर! पोराने स्वतःच्या बोटाचं पेर बघितलं. एवढा नेम चुकणाऱ्या माणसाला आपला चहाचा कपही तोंडाला लावता येणार नाही. म्हणजे सोपा बॉल राहतो तो नेम चुकल्यामुळे नाहीच. नेम धरल्यानंतर आणि क्यूची टिप व्हाइटला लागायच्या आधी, त्या अर्ध्या सेकंदात दुसरंच काहीतरी होतं.

काय होतं ते बघायला त्याचाच मोबाइल कामी आला. टेबलाच्या पलीकडे ग्लासला टेकवून ठेवला, स्लो मोशन लावलं आणि त्याला म्हटलं, तू आपला खेळ. वीस मिनिटांत दोन सोपे बॉल राहिले. व्हिडिओ बघताना तो पहिल्यांदा हसला, मग गप्प झाला. अवघड बॉलच्या वेळी हनुवटी क्यूला चिकटलेली, बॉल पॉकेटमध्ये पडेपर्यंत तशीच. सोप्या बॉलच्या वेळी क्यू पुढे निघाला न निघाला तोच हनुवटी वर. टिप लागते त्या क्षणी हनुवटी आणि क्यू यांच्यामध्ये चार बोटं हवा. आणि डोळे? मारायचा होता तीन नंबरचा लाल. डोळे टेबलाच्या दुसऱ्या टोकाच्या चार नंबरवर पोहोचलेले. डोकं तिकडे वळलं की खांदा वळतो, खांद्यामागे कोपर, आणि कोपराबरोबर ते दीड सेंटिमीटर.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी, असं आपल्याकडे म्हणतात. पूलमध्ये ही म्हण अक्षरशः खरी आहे. बरं, त्यात खेळणाऱ्याचा अगदीच दोष असतो असंही नाही. या खेळात पुढचा बॉल बघावाच लागतो. व्हाइट कुठे थांबणार याचा विचार न करता मारणारा फार तर दोन बॉल मारतो. प्रश्न तो विचार कधी करायचा एवढाच आहे. माझा नियम साधा आहे: विचार उभ्याने, मार वाकून. वाकल्यावर मनात ‘जरा साइड देऊ का’ आलं, तर उभं राहायचं. सरळ उठायचं, चॉक लावायचा, पहिल्यापासून सुरुवात. मुलांना उठायची लाज वाटते. सोप्या बॉलवरून उठलो तर समोरचा हसेल, असं वाटतं. तो हसतोही.

दुसरी एक खोड आहे, आणि ती मला चांगल्या खेळाडूंतच जास्त दिसते. बॉल सोपा म्हणून तो अगदी गोंजारून मारायचा. हळू मारलं म्हणजे सुरक्षित, असा समज. कट असेल तर नेमकं उलटं होतं. व्हाइट दुसऱ्या बॉलला घासून जाताना त्याला थोडं आपल्याबरोबर ओढतो, आणि न फिरणारा व्हाइट जितका हळू येईल तितकी ही ओढ जास्त. बॉल ठरवलेल्या रेषेपेक्षा जाड निघतो आणि गालावर आदळतो. बॉल पुसलेले नसतील, संपर्काच्या जागी चॉकचा डाग असेल, तर बघायलाच नको. म्हणून रोज सकाळी पार्लर उघडलं की मी आधी सगळे बॉल पुसतो. गिऱ्हाइकांना तो माझा वेडेपणा वाटतो.

डोळ्यांविषयी एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा समजली. कॅनडाच्या संशोधक जोन व्हिकर्स यांनी नेमाच्या खेळांत नजर कशी फिरते याचा अभ्यास केला. हालचाल सुरू होण्याआधी नजर लक्ष्यावर जिथे शेवटची स्थिरावते, त्या स्थिरावण्याला त्या ‘क्वाएट आय’ म्हणतात. २००२ मध्ये मार्क विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी ही पाहणी बिलियर्ड्सच्या टेबलावर केली. (हे प्राध्यापक, स्नूकरचे तीनदा जगज्जेते झालेले मार्क विल्यम्स वेगळे.) चांगल्या खेळाडूंची नजर नवख्यांपेक्षा जास्त वेळ स्थिर राहत होती, आणि गेलेल्या शॉटच्या वेळी चुकलेल्या शॉटपेक्षा जास्त वेळ. हे वाचलं आणि मला माझे जुने गुरुजी आठवले. ते एवढंच म्हणायचे, “बॉल जाऊ दे, मग तू जा.”

विली मॉस्कोनी या अमेरिकन खेळाडूने १९५४ च्या मार्चमध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावी स्ट्रेट पूलमध्ये न चुकता ५२६ बॉल मारले. टेबल आठ फुटी होतं. हा विक्रम साठाहून जास्त वर्षं टिकला. मुलांना सांगितलं की ती विचारतात, त्यातला सगळ्यात भारी शॉट कोणता? मी म्हणतो, भारी शॉट फारसे नसावेतच, तीच तर गंमत आहे. व्हाइट दर वेळी अशा जागी आणायचा की पुढचा बॉल सोपा पडावा, आणि मग तो सोपा बॉल सोडायचा नाही. पाचशे वेळा सोपं काम करणं मला एका अवघड शॉटपेक्षा जास्त भीतिदायक वाटतं. आपल्या मायकेल फरेरांनी १९७८ च्या राष्ट्रीय बिलियर्ड्स स्पर्धेत एका पाळीत ११४९ चा ब्रेक केला, हौशी खेळाडूंत हजाराच्या पलीकडचा पहिला. तोही बहुतेक हातभर अंतरातल्या खेळावरच उभा राहिला असणार.

आणि मोठ्यांचे सोपे बॉल राहत नाहीत असं थोडंच आहे? १९९४ सालची शेफील्डची जागतिक स्नूकर फायनल. जिमी व्हाइट आणि स्टीफन हेंड्री, १७-१७, शेवटची फ्रेम. जिमी आधी पाच फायनल हरलेला, त्या दिवशी त्याचा बत्तिसावा वाढदिवस. हेंड्रीने त्याच स्पर्धेदरम्यान बाथरूममध्ये पडून हात दुखावून घेतलेला. जिमी टेबलावर आला, रंगात आला, आणि स्वतःच्या जागेवर असलेला ब्लॅक त्याने सोडला. हा ब्लॅक त्याने आयुष्यात किती हजार वेळा मारला असेल कोण जाणे. हेंड्रीने उठून ५८ चा ब्रेक केला आणि मॅच संपवली. ती चित्रफीत मी मुलांना दाखवत नाही. मला स्वतःलाच बघवत नाही.

त्याला एक कारण आहे. पार्लर काढण्याआधी मी थोडाफार स्पर्धांतून खेळायचो. एका क्लबातली नाइन बॉलची सेमीफायनल, नऊ फ्रेमची शर्यत, आठ-आठ. टेबलावर फक्त नऊ नंबर, पिवळ्या पट्ट्याचा, कोपऱ्यापासून फूटभर. व्हाइट त्याच्या जवळ, जवळजवळ सरळ. मी वाकलो, आणि मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. समोरचा गृहस्थ हात मिळवायला अर्धा उठला होता. मला आठवतंय, मी तेव्हाच चेहरा नम्र करायला घेतला. जिंकल्यावर कसं दिसायचं, त्याची तयारी. टक, टक. बॉल पॉकेटच्या ओठावर थांबला. गृहस्थ पुढे आले, त्यांनी तो ढकलला आणि ज्यासाठी उठले होते तोच हात माझ्यापुढे केला. “सॉरी हां,” म्हणाले. ते मनापासून म्हणाले, ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी मुलांना शॉटपेक्षा खुर्चीबद्दल जास्त सांगतो. पूलमध्ये अर्धा वेळ आपण बसलेलो असतो, आणि लक्ष तिथे नासतं. मागचा राहिलेला बॉल उगाळत बसायचं, समोरच्याने चुकावं म्हणून मनातल्या मनात नवस बोलायचे, मोबाइल काढायचा. मग आपली पाळी आली की धडपडत उठायचं आणि पहिलाच सोपा बॉल घालवायचा. तासभर सलग एकाग्र राहणं कोणाला जमतं, असं मला वाटत नाही. तसा आग्रहही धरू नये. लागतात प्रत्येक बॉलला दहा-बारा सेकंद. बाकी वेळ पाणी प्यावं, पंख्याकडे बघावं, टेबलाचं कापड कुठे झिजलंय ते बघावं. खुर्चीतून उठून टेबलाला हात लावला की मग दुसरं काही नाही.

सरावातही मी अवघड शॉट बंद केले. रोज पंधरा बॉल, सगळे फूटभराच्या आतले, जागा बदलून बदलून. एक राहिला की मोजणी पुन्हा एकपासून. त्या इंजिनिअरिंगवाल्याला पहिले चार दिवस हे अपमानास्पद वाटलं. पाचव्या दिवशी चौदावा राहिला आणि तो टेबलाच्या कडेवर डोकं टेकून उभा राहिला. त्या दिवसापासून त्याने मला उलट विचारलं नाही.

परवा संध्याकाळी तो त्याच्या नेहमीच्या दोस्ताबरोबर खेळत होता. मी काउंटरवर. तोंडाशी आठ नंबरचा काळा. तो वाकला, उठला, चॉक लावायला लागला. दोस्त ओरडला, “अरे मार ना भाई, सत्यनारायण घालतोयस काय?” तो काही बोलला नाही. पुन्हा वाकला. एकच आवाज आला. मी मान वर केली तर पोरगा अजून तसाच वाकलेला, हनुवटी क्यूवर.

पुढच्या फ्रेमला त्याला लांबचा कट आला, अवघड होता. टक, टक. मी तिसऱ्या आवाजाची वाट बघत होतो. तो खुर्चीत जाऊन पाणी प्यायला.