काळ्या कातळावर एक दिवस

माणगावला बहिणीकडे मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आम्ही सारे एस.टी.ने म्हसळ्यामार्गे हरिहरेश्वरला गेलो. आईने समुद्र पाहिलेला तो दादरचा, तोही ६ डिसेंबरच्या गर्दीत.

ओहोटी होती. पायऱ्या उतरून खाली गेलो, तर दूरवर काळा कातळ. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने त्याला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पाडलेली. (भरतीच्या वेळी मात्र इथे कुणी उतरू नये, लाट माणसाला ओढून नेते.)

आईने दगडावर हात फिरवला. म्हणाली, "अरे, हा तर आपल्या कसाऱ्याचाच दगड!"

खरेच होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर थिजला. आपला कसारा घाट त्याचाच आणि हा किनाराही त्याचाच. त्या घाटाच्या रस्त्यावर आईने ऐन उमेदीत खडी फोडली. दगड कुठे टिचणार हे तिला नुसत्या आवाजावरून कळते. मुलांना मी भूगोल सांगत होतो; दगड तीच सांगत होती.

भाकरी-सुकट खाऊन ती तिथेच आडवी झाली. पाणी चढू लागले तशी नातवाने हाक मारली.

"थांब रे जरा. दगडावर बिनकामाचं बसायला आज मिळालंय."

शेवटी दोघांनी हात धरून तिला वर आणले.