आग्र्याचा किल्ला, मुक्काम पोस्ट हातनोली

एन. डी. स्टुडिओ कर्जतला आहे, असं सगळा महाराष्ट्र म्हणतो. पेपरात तसंच छापून येतं, टीव्हीवर तसंच सांगतात, मुंबईहून येणारे पाहुणे कर्जत स्टेशनला उतरून तसंच विचारतात. स्टुडिओ आहे चौकजवळ हातनोलीला, आणि हातनोली येतं खालापूर तालुक्यात. कर्जतशी माझं काही वाकडं नाही. माहेर तिथलंच, दहिवलीचं. पण लग्न होऊन खालापुरात आले तेव्हापासून ही गोष्ट डाचते ती डाचतेच. आमच्या डोंगरांखाली आग्रा उभं राहिलं, रायगडाचा दरबार भरला, राजेशाही महाल झगमगले. खालापूरचं नाव मात्र कुणी घेतलं नाही.

मध्यंतरी एका रविवारी 'जोधा अकबर' पुन्हा बघितला. सिनेमा २००८ चा, आशुतोष गोवारीकरांचा. या खेपेला तो मला फार लांबलेला वाटला. लढाया कंटाळवाण्या, दरबारातली कारस्थानं ओळखीची. पण जोधा आणि अकबर एकमेकांशी जपून, अंतर राखून बोलतात ते प्रसंग अजूनही ताजे आहेत. ऐश्वर्या राय यात कमी बोलते आणि म्हणूनच बरी वाटते, असं माझं मत. शेजारी बसलेले आमचे भाऊजी मात्र सिनेमा बघतच नव्हते. ते भिंती बघत होते. सुतारकाम करतात, त्या सेटवर त्यांनी रोजावर काम केलं होतं.

"वहिनी, तो बुरूज बघा. मागून नुसता बांबू आणि टेकू आहे."

मग त्यांनी ती लाल दगडी भिंत कशी उभी राहिली ते सांगितलं. आधी लाकडी सांगाडा, त्यावर प्लाय. कोरीवकामाचे साचे करून त्यात पीओपी ओतायचं, ते तडकू नये म्हणून आत काथ्या घालायचा. वाळलेले तुकडे चढवून सांधे बुजवायचे. शेवटी रंगारी यायचे आणि एका लाल रंगाच्या चार-पाच छटा स्पंजनं टिपत जायचे, की दगड जुना दिसावा. पाऊस लागला की कोपरे फुगायचे, ते खरवडून पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं ते पडद्यावर अकबराची मिरवणूक चालली असताना सांगत होते, आणि मला मिरवणुकीपेक्षा ते ऐकण्यात रस वाटत होता.

नितीन चंद्रकांत देसाईंनी हा स्टुडिओ २००५ साली सुरू केला, सुमारे पन्नास एकरांवर. '१९४२: अ लव्ह स्टोरी'पासून त्यांचं नाव झालेलं. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', 'हम दिल दे चुके सनम', 'लगान' आणि 'देवदास' या चार सिनेमांसाठी त्यांना कलादिग्दर्शनाचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 'राजा शिवछत्रपती' ही त्यांचीच निर्मिती असलेली मालिका २००८ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली आणि अमोल कोल्हे घराघरांत पोचले. त्या मालिकेसाठी उभारलेले गड-दरबार बघायला आमच्याकडून बायका जायच्या. खरा रायगड याच जिल्ह्यात, पण महाडच्या बाजूला, तिथवर जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. पीओपीच्या दरबारात पाया पडून आलेल्या बायका मी बघितल्या आहेत आणि त्यांच्या श्रद्धेत मला काही खोटं वाटलं नाही. २०११ मध्ये 'बिग बॉस'चं पाचवं पर्व याच स्टुडिओत झालं. ते मी बघितलं नाही. बंद घरात माणसं कोंडून त्यांची भांडणं बघण्यात मला गोडी नाही, मग ते घर आमच्या दारात का असेना.

तर माझी तक्रार अशी होती: आमची जमीन चालते, आमचे सुतार-रंगारी चालतात, डोंगराची कड मागे सुंदर दिसते म्हणून तीही चालते, पण पडद्यावर हा मुलूख स्वतःच्या नावानं कधी येत नाही. 'सैराट'नं करमाळ्याला करमाळा म्हणून उभं केलं. 'रात्रीस खेळ चाले'नं सावंतवाडीजवळचं आकेरी गाव असं प्रसिद्ध केलं, की लोक तो वाडा शोधत तिथं जायला लागले. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'चा उत्तरार्ध रत्नागिरीकडे जातो आणि छाया कदम गावाकडच्या वाटेनं चालायला लागते, तेव्हा मुंबईत इतका वेळ कोंडलेला श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं. कान महोत्सवात ग्रां प्री मिळालेला हा सिनेमा सासूबाईंना संथ वाटला. त्यातला पाऊस तेवढा त्यांना खरा वाटला. मला सगळाच आवडला. मग आमच्या वाट्याला काय? नुसती उसनी नावं?

याला 'पंचायत'नं मात्र चांगलाच छेद दिला. ती मालिका मी मोबाइलवर रात्री उशिरापर्यंत जागून संपवली. पहिली दोन पर्वं फारच सुरेख. तिसऱ्यापासून राजकारणाची मारामारी वाढली आणि सचिवजीच्या खोलीतली शांतता हरवली. पण त्यातलं फुलेरा हे उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातलं गाव म्हणून दाखवतात, आणि चित्रीकरण झालंय मध्य प्रदेशात, सीहोर जिल्ह्यातल्या महोडियात. हे कळल्यावर मला राग यायला हवा होता. आला नाही. गाव इतकं खरं वाटलं, की नाव कुणाचं का लावेनात, असंच मनात आलं. मग हातनोलीच्या बाबतीतच एवढा हट्ट कशासाठी, याचं नीट उत्तर मला अजून देता येत नाही.

आणि खालापूरचं नाव टीव्हीवर आलं ते जुलै २०२३ मध्ये.

१९ जुलैच्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर समाजाची वाडी, चौक परिसरातलीच. वर गाडीरस्ता नव्हता. पायथ्यापासून चिखलाची चढण, ती चढून एनडीआरएफचे जवान वर गेले आणि जेसीबी नेता येत नाही म्हणून हातांनी, फावड्यांनी माती उपसत राहिले. हेलिकॉप्टर तयार होती, हवामानामुळे उडू शकली नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचं नाव नव्हतं. २३ जुलैला शोधकार्य थांबवलं तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती.

त्या चार दिवसांत आमच्या घरातला टीव्ही बंद झाला नाही. पायथ्याला चॅनेलांच्या गाड्यांची रांग लागली होती. पडद्याखालच्या पट्टीवर सारखं फिरत होतं: रायगड, खालापूर, चौक, इर्शाळवाडी. सगळी नावं बरोबर. एका चॅनेलनं डोंगर घसरतानाचं कॉम्प्युटरवर केलेलं चित्र तयार केलं होतं, ते दर दहा मिनिटांनी दाखवायचे आणि प्रत्येक वेळी गडगडाटाचा आवाज टाकायचे. दुसऱ्या एका चॅनेलच्या बातमीदारानं खाली उतरवून आणलेल्या एका बाईपुढे माइक धरला. तिच्या अंगावर कुणाचातरी मोठा शर्ट होता, हातात न फोडलेला बिस्किटांचा पुडा. घरात किती माणसं होती, असं त्यानं विचारलं. ती बोटांवर मोजायला लागली. तिसऱ्या-चौथ्या बोटाला थांबली, परत पहिल्या बोटापासून मोजायला लागली. त्याला घाई होती. "आत्ता तुम्हाला काय वाटतंय?" असं त्यानं विचारलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. तो कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, की शब्द संपलेत. तिचा आकडा त्यानं ऐकून घेतलाच नाही.

हा तुकडा त्या दिवशी किती वेळा दाखवला याला गणती नाही. दुपारपर्यंत त्याखाली सनई-सारंगीसारखं काहीतरी रडकं संगीत आलं. संध्याकाळी तो संथ गतीनं दाखवायला लागले, म्हणजे ती बोटं आणखी सावकाश मोजायला लागली. मी चिडले, ओरडलेही, पण चॅनेल बदललं तर दुसरीकडे तिच्यासारखीच दुसरी बाई. इतक्या वर्षांत अनेक वाईट मालिका मी बघितल्या; खलनायिकेच्या चेहऱ्यावर तीन-तीनदा कॅमेरा आपटणाऱ्या, मेलेली माणसं प्लॅस्टिक सर्जरी करून परत आणणाऱ्या. त्यांच्यावर माझा राग नाही. निदान ती रडणारी बाई पैसे घेऊन रडते आणि चित्रीकरण संपलं की घरी जाते. इथं तीच पद्धत, तेच संगीत, तोच कॅमेरा, आणि समोर माती उपसायची थांबलेली नाही.

सासूबाई त्या टीव्हीत वेगळंच शोधत होत्या. पावसाळ्यात डोंगरावरच्या वाड्यांतून ठाकरणी चौकच्या बाजारात रानभाज्या घेऊन यायच्या; शेवळं, कुरडू, टाकळा, करटोली. त्यातल्या दोघी-तिघींकडूनच सासूबाई घ्यायच्या. नावं त्यांना ठाऊक नव्हती, चेहरे ठाऊक होते. प्रत्येक गर्दीच्या दृश्यात त्या पुढे सरकून बसायच्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बंद कर गं ते. आपलं नाव नको नि काही नको." त्यानंतर बरेच दिवस मला स्टुडिओच्या पत्त्याबद्दलची माझी तक्रार आठवली, की ओशाळल्यासारखं व्हायचं.

शोधकार्य थांबून दहा दिवस होतात न होतात तोच, २ ऑगस्टला, नितीन देसाईंचा त्यांच्याच स्टुडिओत मृत्यू झाला. पुन्हा गाड्या आल्या. या वेळी ड्रोन उडाले, महालांवरून फिरले, कर्जाचे आकडे पडद्यावर मोठ्या अक्षरांत आले. आणि पट्टीवर पुन्हा 'कर्जत' झालं. भाऊजी फाटकापर्यंत जाऊन आले. साहेबांनी त्यांना कधी एकदा सांधा कसा दाबायचा ते स्वतः करून दाखवलं होतं, एवढंच ते बोलले. पुढे स्टुडिओ सरकारच्या चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आला. इकडच्या कारागिरांना तिथं नियमित काम मिळावं, आणि श्रेयनामावलीत चित्रीकरणाचं स्थळ गाव-तालुक्यासकट लिहिणं सक्तीचं करावं, असं मला वाटतं. भाऊजींना दुसऱ्या मागणीत अर्थ दिसत नाही. रोज वेळेवर मिळाला तर पाटीवर लंडन लिहा, असं त्यांचं मत.

केरळच्या महापुरावरचा '२०१८' हा मल्याळम सिनेमा मी त्यानंतर बघितला. २०२३ च्या मे महिन्यात आलेला, पुढे ऑस्करसाठी भारताकडून गेलेला. त्यातही संगीत चढं आहे, योगायोग पुष्कळ आहेत, काही पात्रं नुसती डोळ्यांत पाणी आणण्यासाठीच घातलेली आहेत. पण मासेमार आपल्या होड्या ट्रकवर चढवून पुराच्या गावांकडे निघतात तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्या माणसांना त्यात करायला काम आहे, माइकपुढे नुसतं उभं राहणं नाही. असा सिनेमा इर्शाळवाडीवर कुणी करावा का? एकदा वाटतं करावा, आणि तो करणाऱ्यानं त्या बाईचं मोजणं पूर्ण होईपर्यंत कॅमेरा हलवू नये. एकदा वाटतं, कुणी हातच लावू नये. सिडकोनं बांधलेल्या नव्या वसाहतीत वाचलेली माणसं राहतात. पडद्यावर डोंगर कोसळताना त्यांनी पुन्हा बघावा, असं म्हणण्याचा मला काय अधिकार?

ठाकरांवरचा सिनेमा अर्थात होऊन गेलाय. 'जैत रे जैत', १९७७. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, मोहन आगाशेंचा नाग्या, स्मिता पाटीलची चिंधी. मी लहानपणी त्यातली गाणीच ऐकली होती. सिनेमा पूर्ण बघितला तो अलीकडे. राणीमाशीनं एक डोळा घालवल्यावर नाग्या लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी झोडायला पेटून उठतो, ती जिद्द आजही धरून ठेवते. शहरातले नट ठाकर झालेत हे अधूनमधून कळतं, आगाशेंच्या उच्चारांत जास्त. स्मिता पाटील चालायला लागली की मात्र कळेनासं होतं. चढणीवर पाऊल कसं टाकायचं हे तिनं कुणाकडून तरी नीट बघून घेतलं असणार.

सध्या आमच्या महिला मंडळात २ जानेवारीला कुठला सिनेमा दाखवायचा, हा विषय चालू आहे. १९४३ साली त्या दिवशी पहाटे सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना इंग्रजांच्या पोलिसांनी मारलं. कोतवाल माथेरानचे, म्हणजे कर्जत तालुक्यातलेच. त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले होते. त्यांच्यावर २०२० मध्ये 'शहीद भाई कोतवाल' हा मराठी सिनेमा आला. तो गावातल्या मुलांना दाखवावा, असं बहुतेकींचं म्हणणं. आपल्या चरित्रपटांत नायक पुतळ्यासारखा वागायला लागतो ही माझी जुनी तक्रार आहे आणि ती मी तिथंही मांडली. कर्जत-माथेरानचा माणूस पडद्यावर आपल्या नावागावानिशी येतो, हे बाकीच्यांनी ऐकवलं. मला ते मान्यच करावं लागलं. मी 'जैत रे जैत'साठी अडून बसले आहे. इर्शाळवाडीतली मुलंही बोलवायची असतील तर आधी त्यांच्या आयांना विचारून यायचं, एवढ्यावर सध्या एकमत झालंय. पुढच्या मंगळवारी मंडळातल्या आम्ही दोघी त्यांच्या नव्या वसाहतीत जाणार आहोत.