न पोंचणाऱ्याची शिदोरी

नागपूरच्या मनुष्यास ऊन म्हणजे काय तें शिकवूं नये, हें सर्वांनाच ठाऊक आहे. पण थंडीविषयींहि त्याला असाच एक अभिमान असतो, आणि तो मात्र सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मार्गशीर्षांत मुंबईचे पाहुणे आमच्याकडे उतरले आणि सकाळीं सात वाजतां शालींत गुरफटून चहाची वाट पाहूं लागले, म्हणजे आम्हांला मनांतून एक प्रकारचें समाधान वाटतें. "ही कांहींच थंडी नव्हे. २०१८ सालीं २९ डिसेंबरला येथें पारा ३.५ अंशांवर उतरला होता!" असें आम्ही त्यांना ऐकवितों, जणूं काय तो पारा आम्हींच दोरी लावून खालीं ओढला होता.

परंतु नागपूरची थंडी आणि हिमालयांतली थंडी ह्यांतला फरक केवळ अंशांचा नाहीं. आमची थंडी रात्रीची आहे. सूर्य वर आला कीं तिचा अंमल संपला. गांधीबागेंतलीं कापडाचीं दुकानें उघडेपर्यंत ती गल्लीबोळांत अंग चोरून बसते, आणि दुपारीं तोच दुकानदार पंखा लावावा कीं काय ह्या विचारांत पडलेला दिसतो. त्यामुळें थंडीशीं आमचा जो कांहीं व्यवहार आहे तो एका रात्रीच्या बोलीनें चालतो. रजई डोक्यावरून ओढली, पाय पोटाशीं घेतले, कीं सकाळ आपोआप होते. जेथें सकाळ झाली तरी थंडी उठून जात नाहीं, अशा ठिकाणीं ही विद्या कितपत उपयोगी पडेल ह्याचा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर सहसा येत नाहीं.

माझ्यावर तो आला ह्याचें कारण असें कीं, ह्या दिवाळींत आमच्या चिरंजीवांनीं नाताळच्या सुटींत स्वतःच्या मोटारीनें मनालीस जाण्याचा बेत जाहीर केला. बरोबर सूनबाई आणि दोन्ही नाती. थोरली नऊ वर्षांची, धाकटी चार वर्षांची. "बाबा, रस्ता आपल्या दारांतूनच जातो," असें तो म्हणाला, आणि तें खोटें नाहीं. कन्याकुमारीहून निघालेला ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग नागपुरावरून शिवनी, सागर, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली करीत थेट श्रीनगरास जातो. अंबाल्यापाशीं तो सोडून चंदिगडच्या बाजूनें वळलें, म्हणजे झालें. पंचेचाळीस वर्षांच्या मुलाला "जाऊं नको" म्हणण्याचे दिवस केव्हांच गेले. "बरोबर काय नेतोस?" एवढें विचारण्याचा अधिकार तेवढा उरला आहे, आणि तो मीं बजाविला.

त्यानें यादी वाचून दाखविली. दोन मोबाईल, ते चार्ज करण्याची सोय, टोलसाठीं फास्टॅग, हॉटेलांच्या पावत्या, मुलींचे स्वेटर, उलटीच्या गोळ्या, चिवडा, कॅमेरा. यादी वाईट नव्हती. पण ती ऐकतां ऐकतां माझ्या ध्यानांत आलें कीं, तींतली एकूणएक वस्तु पोंचण्यासाठीं होती. न पोंचण्यासाठीं तींत एकहि वस्तु नव्हती.

माझे आजोबा कार्तिकी पौर्णिमेस रामटेकास दमणी जोडून जात. अंतर पंधरासोळा कोसांचें. आज आम्ही तें तासाभरांत तोडतों. पण त्या दमणींत काय काय असे! बैलांसाठीं कडबा, आंसाखालीं टांगलेलें वंगणाचें नळकांडें, सोल, कुऱ्हाड, कंदील, घोंगडी, पाण्याची घागर, आणि दुधांत पीठ भिजवून केलेल्या, चारचार दिवस न विटणाऱ्या दशम्या. देवदर्शनाला एवढा संसार कशाला, असें कोणी विचारलें नाहीं. आंस मोडेल, बैल बसेल, नाल्याला अवेळीं पाणी येईल, हें सारें घरून निघण्यापूर्वींच जमेस धरलेलें असे. आजोबा भित्रे नव्हते. वाट ही मुक्कामाचीहि जागा असते, एवढेंच त्यांना ठाऊक होतें. पुढें आगगाडी आली, मोटार आली, वेग वाढला. आणि वेगाबरोबर वाटेचें हें दुसरें रूप आमच्या डोळ्यांआड गेलें. सपाट मुलुखांत त्यानें विशेष बिघडलें नाहीं. येथें मोटार बंद पडली तर दहा मिनिटांत कोणी तरी ट्रकवाला थांबतो आणि टोचन करून जवळच्या गांवीं नेऊन सोडतो.

डोंगरांत तसें होत नाहीं. कारण तेथें एक गाडी अडकत नाहीं, सगळ्याच अडकतात. २०२० सालच्या ऑक्टोबरांत रोहतांगच्या पोटांतून नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाला, तेव्हांपासून भर हिंवाळ्यांतहि मोटारींची रीघ बर्फाच्या दारापर्यंत जाऊं लागली. २०२४ च्या डिसेंबरांत २३ तारखेस सोलंग आणि हा बोगदा ह्यांच्या दरम्यान सुमारें एक हजार वाहनें बर्फांत खोळंबून राहिलीं, आणि पोलिसांना रात्रीं शेंकडों माणसें बाहेर काढावीं लागलीं. २०१८ सालची आमची ती अभिमानाची थंडी घ्या. तिच्या आदल्याच दिवशीं, २८ डिसेंबरला, सिक्कीममध्यें नाथु-ला खिंडीच्या रस्त्यावर अडीच हजारांच्या आसपास पर्यटक बर्फांत सांपडले होते. सैन्यानें त्यांना आपल्या छावण्यांत नेलें, निवारा दिला, जेवूं घातलें. आम्ही येथें रजईंतून पारा मोजीत होतों, त्या वेळीं तेथें माणसें सैनिकांच्या पांघरुणांत निजत होतीं. ह्या गोष्टींना अपघात म्हणावयास मी तयार नाहीं. त्या ऋतूंत त्या वाटेवर त्या घडणाऱ्याच आहेत.

सैन्य वेळेवर पोंचलें म्हणजे ती मौजेची आठवण होते. न पोंचलें म्हणजे काय होतें, ह्याचें उत्तर मला मरीच्या हकीकतींत मिळालें. मरी हें पाकिस्तानांत इस्लामाबादेजवळचें थंड हवेचें ठिकाण. २०२२ च्या जानेवारींत ७ तारखेच्या रात्रीं हिमवर्षाव पाहावयास आलेल्या लोकांच्या मोटारी तेथल्या रस्त्यांवर जागच्याजागीं गाडल्या गेल्या. दुसऱ्या दिवशीं त्या मोटारींत किमान २२ माणसें मृत आढळलीं. कित्येक जण कुटुंबच्या कुटुंब होते. त्यांत मुलेंहि होतीं. कांहीं थंडीनें गेले हें खरेंच. पण कांहींना कार्बन मोनॉक्साइड ह्या वायूनें नेलें, अशीं त्या वेळचीं वृत्तें आहेत. हें मरण उबेच्या वाटेनें येतें. इंजिन चालू, आंत ऊब, मुलें डोळे मिटून पडलेलीं. बाहेर बर्फ सांचत सांचत सायलेन्सरच्या तोंडाशीं येतो आणि तें बुजवितो. धूर मागें बाहेर पडावयाचा तो गाडीच्या खालून फटींनीं आंत येतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. रक्तांतल्या ज्या द्रव्यानें प्राणवायु वाहून न्यावयाचा, त्याला हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. माणसाला गुदमरल्यासारखेंहि वाटत नाहीं. झोंप येते, एवढेंच.

वस्तुतः ही गोष्ट आमच्या घरांना नवी नाहीं. बाळंतिणीच्या खोलींत कोळशाची शेगडी ठेवली तर खिडकी बोटभर उघडी राहिलीच पाहिजे, हें आमच्या आजीला रसायनशास्त्र न शिकतां माहीत होतें. शेगडी गेली, हीटर आला, आणि ती बोटभर खिडकी आम्ही विसरलों. म्हणून मीं चिरंजीवांना यादीच्या मागच्या बाजूस लिहून दिलें तें असें: अडकल्यास इंजिन सतत चालवूं नये, तासांतून दहा मिनिटें पुरे. प्रत्येक वेळीं, सुरू करण्यापूर्वीं, खालीं उतरून सायलेन्सरभोंवतालचा बर्फ काढावा. तेवढा वेळ वाऱ्याच्या उलट बाजूची कांच दोन बोटें खालीं असावी. गाडी सोडून मदत शोधावयास पायीं जाऊं नये. पांढऱ्या अंधारांत दहा पावलांवरची गाडीहि दिसत नाहीं, आणि शोधणाऱ्यांना माणसापेक्षां मोटार लवकर सांपडते. आरशाला लाल कापड बांधावें. (गांधीबागेंत राहून लाल कापडावांचून अडलें, असें होण्याचें कारण नाहीं.) शेवटचें कलम असें कीं, पुढें रस्ता बंद आहे असें पोलिसानें सांगितलें तर त्याच्याशीं वाद न घालतां मागें फिरावें. ह्या कलमावर आमचें थोडें बोलणें झालें. पण तें मीं खोडूं दिलें नाहीं.

कापडावरून आठवलें. पांघरुणाच्या बाबतींत मात्र आमच्या गांवाचा सारा इतिहास आमच्या विरुद्ध जातो. हें कापसाचें गांव. जमशेटजी टाटांनीं १८७७ सालीं एम्प्रेस मिल काढली ती येथें. २००२ सालीं ती बंद पडली, तरी कापडाचा बाजार गांधीबागेंत अजून भरतो. थंडी म्हटली कीं आमच्या डोळ्यांसमोर नव्यानें पिंजलेल्या कापसाची रजई येते. सौभाग्यवतींनीं दोन रजया काढून उन्हांत घातल्याहि होत्या. पण सुती वस्त्राचा एक मोठा दोष आहे: तें कोरडें आहे तोंवरच ऊब देतें. कापूस पाणी पितो. त्याच्या पोकळींत अडकलेली हवा जाते आणि तिच्याबरोबर ऊबहि जाते. चार माणसें बंद मोटारींत रात्रभर श्वास सोडीत बसलीं, बुटांना लागलेला बर्फ पायांशीं वितळला, म्हणजे तेथें कोरडें असें काय राहणार? लोकर ओली झाली तरी कांहींशी ऊब राखते. भर श्रावणांत घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागें उभा असलेला धनगर आम्हीं लहानपणापासून पाहिला. पण ती घोंगडी शहरांतल्या आमच्या घरांत कधीं आली नाहीं.

दर हिंवाळ्यांत नागपुरांत तिबेटी लोक लोकरी कपड्यांचीं दुकानें मांडतात. १९५९ नंतर देश सोडून आलेल्या ह्या लोकांची एक वसाहत आपल्याच विदर्भांत, गोंदिया जिल्ह्यांत आहे. एका दुकानांतल्या वृद्ध बाईंना मीं मनालीच्या प्रवासाचें सांगितलें, तेव्हां त्यांनीं माझ्या हातांतला जाड, भपकेदार कोट काढून घेतला आणि समोर दोन पातळ लोकरी सदरे व मोज्यांचे चार जोड ठेवले. एक जाड कपडा घालण्यापेक्षां दोन पातळ घालावे. आणि मोजे ओले झाले कीं लगेच बदलावे, हें त्यांनीं मोडक्या हिंदींत मला समजावून दिलें. कोटाची विक्री बुडाली ह्याचें त्यांना कांहींच वाटलेलें दिसलें नाहीं. रजया परत कपाटांत गेल्या. दोन जाड घोंगड्या मीं मागविल्या. त्या टोंचतात अशी तक्रार आहे.

मोटारीच्या यंत्राविषयीं मला फारसें कळत नाहीं, म्हणून थोडक्यांत आटोपतों. रेडिएटरांत कूलंट आहे कीं साधें पाणी आहे हें पाहावयास सांगितलें, तेव्हां कारागीर हंसून म्हणाला, "काका, आपल्याकडं कायले लागते कूलंट? पान्यानं काम चालते." आपल्याकडे चालतें हें खरेंच. पण पाण्याचा बर्फ होतांना तें शेंकडा नऊनें फुगतें, आणि लोखंडालाहि तडा देतें. गाडी डिझेलची आहे. हें इंधन कडाक्याच्या थंडींत मेणासारखें थिजतें. २०१९ सालीं लडाखसाठीं इंडियन ऑइलनें खास हिंवाळी डिझेल काढलें. तें शून्याखालीं ३३ अंशांपर्यंत वाहतें राहतें. म्हणजे हा प्रश्न कांहीं माझ्या कल्पनेंतला नव्हे. टांकी पहाडाच्या पायथ्याशीं, तेथल्या पंपावर भरावी, आणि वर असतांना ती निम्म्याखालीं जाऊं देऊं नये, असें ठरलें. बॅटरी तीन वर्षांची जुनी होती, ती बदलली. शिवाय टोचनचा दोर, जंपर केबल, विजेरी.

खाण्याचें सूनबाईंनीं आपणहून अंगावर घेतलें. तिळाचे लाडू, गूळ-शेंगदाणे, खजूर, आणि मीं आजोबांची गोष्ट काढल्यावर दशम्या. पाण्याच्या बाटल्या गळ्यापर्यंत न भरतां चार बोटें रिकाम्या ठेवण्याचें, आणि रात्रीं त्या पांघरुणांत घेऊन निजण्याचें कारण त्यांनीं मला विचारलें नाहीं. उलट धाकटीच्या दुधासाठीं दोन थर्मास त्यांनीं आधींच बाजूला काढले होते.

एका फावड्यावरून मात्र घरांत बरीच चर्चा झाली. तें मीं इतवारींतून आणलें. मोटारींत फावडें घेऊन सहलीला जाणारें आपलें हें पहिलेंच कुटुंब असेल, असें चिरंजीव म्हणाले; पण नेणार नाहीं असें म्हणाले नाहींत. लांब दांड्यामुळें तें डिकींत तिरपें बसे आणि त्यावर साऱ्या बॅगा येत. आतां विचार करा: बर्फ डिकीच्या दारापर्यंत चढला आहे, आणि तो काढण्याचें साधन त्याच डिकींत, बॅगांच्या तळाशीं! सुताराकडून दांडा दीड हातावर कापून आणला. परवां पहाटे तीं निघावयाचीं आहेत. फावडें आतां गोणपाटांत गुंडाळून चालकाच्या बैठकीमागें, मुलींच्या पायांशीं ठेवलें आहे. तें कशाला, असें धाकटीनें दोनदां विचारलें. बर्फांत किल्ला करावयाला, असें तिच्या आईनें तिला सांगितलें.