मालदांडीचे न जुळणारे तुकडे

हिंजवडीत कोड शिकायला क्लास शोधावा लागत नाही. लिफ्टमधल्या निम्म्या लोकांचं पोटच त्यावर चालतं. माझं चालत नव्हतं. मी वनस्पतिशास्त्राची, आणि माझी वर्षं रब्बी ज्वारीच्या वाफ्यांत गेली. पोंगेमर मोजायची, कणसांना पिशव्या बांधायच्या, डिसेंबरात जमिनीतली ओल उतरत जाते तेव्हा कुठला वाण हिरवा टिकतो ते पाहायचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे फेज थ्रीत राहायला आलो आणि जेवणं आवरल्यावर मी पिकांच्या बायोइन्फर्मेटिक्सचे ऑनलाइन धडे सुरू केले.

धड्यांतली उदाहरणं बहुतेक माणसाची, नाहीतर उंदराची. अभ्यासाला पीक घेतलं की गणित बदलतं. गव्हाचा जीनोम डीएनएच्या सोळाशे कोटी अक्षरांच्या वर, माणसाच्या पाचपट, आणि त्यात एकाच जनुकाच्या तीन-तीन आवृत्त्या. यंत्राने वाचलेला डीएनएचा छोटा तुकडा त्यांतल्या नेमक्या कुठल्या आवृत्तीचा, हेच ठरत नाही. ज्वारी त्या मानाने गरीब: दहा गुणसूत्रं, साधारण ७३ कोटी अक्षरं. तरी माझा लॅपटॉप हाशहुश करायचा. मग गॅलक्सी सापडलं. ते ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे, आणि कष्ट पलीकडचे सर्व्हर करतात.

आज्ञा लिहिणं लवकर जमलं. वैताग दिला तो नावांनी. फायटोझोम या जीनोमच्या संग्रहात पहिलं गुणसूत्र ‘सीएचआर ०१’, एन्सेम्बल या दुसऱ्या संग्रहात नुसतं ‘१’. एकाच जनुकाचं नाव इकडे ‘सोबिक’ने सुरू होतं, तिकडे ‘सोर्बी’ने. गुणसूत्रावरच्या जागा बेड फाइल शून्यापासून मोजते, जीएफएफ फाइल एकापासून. दोन फाइली जोडल्या की प्रोग्राम तक्रार न करता रिकामा तक्ता हातात ठेवतो. सातबाऱ्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं असलं की होतं, तसंच काहीसं.

सरावासाठी उतरवून घेतलेल्या मालदांडी ज्वारीच्या एका डेटात पाण्याच्या ताणाला प्रतिसाद देणारी जनुकं शोधायची होती. यादी आली, आकडे झकास, आणि सगळ्यात वर एलएचवाय. ते रोपाच्या दिवस-रात्रीच्या घड्याळाचं जनुक. पहाटे जोरात असतं, दुपारपर्यंत ओसरतं. पाणी दिलेल्या रोपांची पानं सकाळी आणि ताणातल्यांची उन्हं चढल्यावर तोडली असतील, तर ही यादी दुष्काळाची नव्हे, घड्याळाची. नमुन्यांच्या माहितीत तारीख होती, वेळ नव्हती. हे कुठल्याही धड्यात नव्हतं. सकाळी सहाला वाफ्यात उभं राहून पानं तोडलेल्या माणसाला मात्र ती शंका आधी येते. तेव्हापासून माझी खात्री झाली आहे की शेतातल्या माणसाने कोड शिकणं हे कोडवाल्याने शेत शिकण्यापेक्षा सोपं आहे. शेजारच्यांना हे पटत नाही.

शेजारी म्हणजे समोरच्या फ्लॅटमधला मुलगा, मूळचा मंगळवेढ्याचा. भौगोलिक मानांकन मिळालेली ज्वारी त्याच्या घरी आजही पिकते. माझी स्क्रिप्ट बघून तो म्हणायचा, ‘‘ताई, एवढं कशाला? एका ओळीत होतं.’’ व्हायचंही. एकदा त्याने विचारलं, ‘‘जुळवताय कशाशी?’’ बीटीएक्स ६२३ शी, म्हटलं. तो टेक्सासचा वाण. २००९ साली ज्वारीचा जीनोम प्रसिद्ध झाला तो त्याचा.

‘‘आणि तुकडे मालदांडीचे?’’

‘‘मालदांडीचे.’’

‘‘मग आपल्यात आहे आणि त्यांच्यात नाही, ते कुठे जातं?’’

न जुळलेल्यांच्या फाइलीत जातं, आणि ती फाइल बहुतेक जण उघडतही नाहीत. मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ अजून सोलापूरच्या काळ्या रानात टिकून आहे, तो कशाच्या बळावर, हे टेक्सासच्या नकाशावर सगळं सापडेलच असं नाही. पीकसंशोधक आता एका पिकाच्या अनेक वाणांचे जीनोम एकत्र मांडून पॅनजीनोम करतात, ते याचसाठी.

सध्या रात्री ती न जुळलेली फाइल उघडून बसते. पहिली चाळणी लावली तर बरंचसं जिवाणू आणि बुरशीचं निघालं, म्हणजे बहुधा पान नीट धुतलं गेलं नव्हतं. ते काढून उरलेल्याची जुळणी सर्व्हरवर रांगेत लावली आहे.