सारवलेली भिंत

वैशाखातल्या रणरणत्या दुपारी सेवाग्रामच्या बापूकुटीत जो कोणी घटकाभर निवांत बसला असेल, त्याला उंबरठा ओलांडताच प्रथम जाणवतो तो गारवा, आणि त्याच्या पाठोपाठ, चटकन नाव देता येऊ नये अशी हवेची एक सौम्यता. १९३६ च्या एप्रिलअखेरीस महात्माजी शेगावी, म्हणजेच आजच्या सेवाग्रामी, आले आणि त्यांची शिष्या मीराबेन हिने स्वतःसाठी उभारलेली मातीची झोपडी पुढे त्यांची कुटी झाली. तिच्या भिंतीवर मीराबेनच्या हातची, मातीतच उठवलेली ताडाची झाडे आजही आहेत. गारव्याचे श्रेय आपण जाड भिंतींना आणि कवेलूंना देतोच. त्या सौम्यतेतही भिंतींचा वाटा असावा, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

कारण, उन्हाळ्यातली दुपार केवळ उष्णच नसते. शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४० साली ज्याला त्याच्या उग्र गंधावरून नाव दिले, तो ओझोन उंच आकाशात आपला रक्षक खरा; परंतु जमिनीलगत, धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सेंद्रिय बाष्पे प्रखर उन्हात एकमेकांशी संयोग पावून जो ओझोन जन्मतो, तो श्वासमार्गाचा दाह करतो, आणि त्याचा भर दुपारीच असतो. फटीफटीतून तो घरात शिरतो, पण घरात त्याला दीर्घायुष्य नाही. भिंत, जमीन, गादी, अंगावरचे कापड, किंबहुना माणसाची स्निग्ध त्वचाही, ज्याला त्याचा स्पर्श होईल तेथे त्याचा रेणू मोडतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील ४३ घरांत झालेल्या मोजणीचा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सरासरी वेगाने निव्वळ पृष्ठभागांच्या स्पर्शानेच घरातला ओझोन पाव तासात निम्मा होतो. खोली जितकी लहान व ठेंगणी, तितकी तिच्यातल्या हवेच्या मानाने भिंत अधिक, आणि ओझोनाची ही मोडतोडही अधिक.

मात्र सगळे पृष्ठभाग सारखे नव्हेत. काचेवर वा पत्र्यावर आदळलेला रेणू बहुधा जसाच्या तसा माघारी फिरतो. गालिचा त्याला पकडतो, पण त्या बदल्यात अल्डिहाइडांची शिळी, तेलकट दुर्गंधी हवेत सोडतो. मातीचे तसे नाही. तिचे सूक्ष्म थर आणि असंख्य रंध्रे यांमुळे हातभर भिंतीच्या पोटात प्रचंड पृष्ठफळ दडलेले असते, आणि तिच्यातील लोहादी धातूंची ऑक्साइडे ओझोन मोडून त्याचा साधा प्राणवायू करतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गालिचा व ओझोन असलेल्या बंद खोलीत चिकणमातीचा गिलावा ठेवताच अल्डिहाइडे घटली, आणि वास घेऊन पाहणाऱ्या माणसांनीही ती हवा अधिक सुसह्य ठरवली. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. मला आमचे घर आठवत होते.

सेलू तहशिलीतले ते घर पांढरीच्या मातीचे. चैत्र लागला की आजी दुपारी दारे-खिडक्या लोटून घेई आणि सूर्य कलल्यावरच उघडी. उन्हाच्या भयाने पाळलेला तो शिरस्ता ओझोनाच्या चढ-उताराशी किती तंतोतंत जुळत होता, हे तिला कोण सांगणार! दिवाळीपूर्वी ती पोतेरे घेऊन भिंती सारवायला बसे. मी कंटाळून कारण विचारले, तर म्हणे, "भितीले माती लागते बाबू, नाही त थे उपाशी रायते."

पुढे वाटण्या झाल्या, दर्शनी खोलीला सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत तैलरंग आला, आणि त्या खोलीचा मलाही अभिमान वाटला, याची आज खंत आहे. माजघराची एक भिंत तेवढी मातीची उरली आहे. तिच्यावर कमानीसारखी एकात एक गुंतलेली आजीच्या हाताची वळणे तिरप्या उजेडात अजून दिसतात. मात्र खालच्या अंगाला पोपडे सुटले आहेत. यंदा ती मी सारवणार आहे. माती किती, शेण किती, कुटार किती, हे प्रमाण आजीने कधी मोजून सांगितले नाही. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी मात्र भिजवलेल्या मातीचा एक गोळा माझ्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटायला सांगितली.