क्रॉसिंग

रोह्याहून वीरपर्यंत २०२१पासून दुहेरी रूळ आहेत. पुढे सापे-वामने, करंजाडी, विन्हेरे, सगळं एकेरी. म्हणून वीरला गाडी रखडली की चिपळूणचा माणूस दारातून वाकून बघतो आणि शांतपणे म्हणतो, ‘क्रॉसिंग.’

मला जिच्याबद्दल सांगायचंय, तिच्याजवळ नेमकी हीच सबुरी नाही. ती म्हणजे प्रकाशकणांची गुंतलेली जोडी.

दोन कण एका स्फटिकात एकदमच जन्मतात. एकाला मोजलं तर उत्तर छापा-काट्यासारखं, बेभरवशाचं. दोघांची उत्तरं शेजारी ठेवावीत, तर जुळलेली! त्यावरून ती क्षणात निरोप पोचवते अशी आवई उठली आहे. ती खोटी. उत्तरं जुळली हे कळायलाही साधा फोन लागतो.

बाई मानी आहे. तिची नक्कल काढता येत नाही. १९८२मध्ये हे गणिताने सिद्ध झालं. इंटरनेटचा उजेड वाटेत मंदावला तर वर्धक लावून तेजवता येतो, हिला तो चालत नाही. काचतंतू उत्तम असला तरी दर १५ किलोमीटरला निम्मे कण गळतात. समजा, रोह्याहून असे १०० सोडले. ४७ किलोमीटरवरच्या वीरला ११-१२ पोचायचे. प्रवास सेकंदाच्या सुमारे चार हजाराव्या भागाचा, पण तेवढ्यातही केबलवरचा ताण आणि ऊन-थंडी त्यांच्या कंपनाची दिशा फिरवतात. त्याच तंतूतून कुणाचे व्हिडिओ चालले असतील, तर त्यांचा सांडलेला उजेडही यांच्यात मिसळतो.

मग मध्यस्थ हवा. रोह्याकडच्या जोडीतला एक, खेडकडच्या जोडीतला एक, दोघांना वीरला एकत्र मोजायचं. ते दोघे तिथेच संपतात. पण त्यांचे रोह्यात आणि खेडला राहिलेले जोडीदार, कधीही न भेटलेले, एकमेकांत गुंततात. वीरहून दोन्हीकडे निकाल कळवला की झालं. सोयरीक जुळवून देणारे आपल्याकडेही असतात; ते निदान जेवणाला तरी उरतात.

अडचण वेळेची. रोह्याचा आला, खेडचा वाटेतच गळाला. पुन्हा सोडायचा, पुन्हा. तोवर आलेल्याला सांभाळायचं कुठे? अतिथंड अणूंत किंवा स्फटिकात त्याची स्मृती ठेवतात, पण ती विरत जाते. एप्रिल २०२३मध्ये केंद्राने ६००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्याच्या उद्दिष्टांत अशा स्मृती असलेलं जाळंही आहे. म्हणजे सरकारी भाषेत, थांबायला एक लूप लाइन.

समोरची मालगाडी धडधडत गेली. आमची अजून उभीच.