ळ कुठे बसवायचा?

अक्षरं सरकवणाऱ्या माझ्या सांकेतिक लिपीच्या प्रोग्रॅमला आता मराठी वर्णमाला शिकवतोय. सीझर अक्षरं तीन घरं पुढे सरकवायचा. रोमन लिपीत ते सोपं. युनिकोडमध्ये मात्र ळ लनंतर येतो, आणि मराठीला क्वचितच लागणारे ऩ, ऴ अध्येमध्ये ठाण मांडून बसलेले. त्या क्रमाने तीन घरं सरकवलं तर 'कमळ'चं 'घऱश' होतं. आपल्या पाटीवरच्या क्रमाने, ळ हनंतर ठेवून, 'घलग' होतं. हे निदान वाचता तरी येतं! म्हणून क ते ळ अशी ३४ व्यंजनांची तयार माला आत ठेवली. मात्रांना हात लावायचा नाही. १७ घरांची किल्ली दोनदा फिरवली की मूळ मजकूर जसाच्या तसा परत.

दुसरी तयार माला मूलदेवीय. कामसूत्राच्या ६४ कलांत म्लेच्छितविकल्प, म्हणजे सांकेतिक भाषेची कला, आहे. कामसूत्रावरच्या यशोधराच्या जयमंगला टीकेत तिची मूलदेवीय ही रीत येते. या रीतीत चवर्ग-टवर्ग, तवर्ग-पवर्ग जागा बदलतात.

गुपित राखायला यातलं काहीच पुरेसं नाही. ३३ किल्ल्या कुणीही चहा पिता पिता तपासेल. पण वर्णमालेची बांधणी इतकी शिस्तशीर आहे, हे शाळेत पाठ करताना कुठे कळलं होतं? आता स्वरांचं बघायचं.